येताना नको, जाताना नको

घरत सर दोन दिवसांसाठी म्हणून बडोद्याला गेले, त्याला आता महिना उलटून गेला. परवा तिकडूनच वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, "ह्यांची बॅग रोज सकाळी भरते आणि संध्याकाळी रिकामी होते. काल म्हणे हवा बरी नाही, आज म्हणे गाडीला गर्दी असणार. तुम्ही तरी काही बोला." मी काय बोलणार? मी इतका हसलो की बायको आतून हातातली पळी घेऊन बघायला आली. कारण हेच घरत सर बडोद्याला जाणार नाही म्हणून कित्येक महिने पेणमध्ये पाय रोवून उभे होते. तेव्हा जायला विरोध, आता यायला विरोध.

सरांना न ओळखणारा माणूस याला विक्षिप्तपणा म्हणेल. मला मात्र त्यात पदार्थविज्ञानाचा एक नियम दिसतो. मी रोह्याच्या एका हायस्कुलात मराठी शिकवतो आणि गॅदरिंगची नाटकं बसवतो, तेव्हा असली भाषा माझ्या तोंडी शोभत नाही, हे मान्य. पण हा नियम मी पुस्तकात वाचलेला नाही, पेणच्या एका अंगणात चहा पिता पिता पाहिला आहे. तो तुम्हाला दाखवायचा, तर आधी नळी दाखवायला हवी.

नळी तांब्याची. हातभर लांब आणि चांगली जाड भिंतीची. रोह्याजवळच्या धाटावच्या एका भंगारवाल्याच्या ढिगातून सरांनी ती उचलली होती आणि छत्रीच्या जुन्या खोळीत घालून ते ती खांद्याला अडकवून हिंडत. उन्हाळ्यातसुद्धा हा माणूस छत्री घेऊन का फिरतो, हा प्रश्न नव्या माणसाला पडे आणि सरांना तेच हवं असे. खिशात एका प्लास्टिकच्या डबीत दोन गोट्या. दोन्ही बोटाच्या पेराएवढ्या, दोन्ही चांदीसारख्या चकचकीत. त्यातली एक म्हणजे नव्या जातीचा जबरदस्त चुंबक. दुसरी साध्या लाकडाची, पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यातून मुकुटाच्या रंगात रंगवून आणलेली. दिसायला जुळे भाऊ, पण स्वभाव वेगळे. लाकडाचा गरीब. चुंबक मात्र असा द्वाड, की सरांना लोखंडी कपाटापासून चार हात लांब राहावं लागे. एकदा शाळेच्या फाटकाला तो असा चिकटला होता की सर खिशासकट तिथेच अडकले आणि प्रार्थना त्यांच्याविना झाली.

आता प्रयोग. सर डाव्या हातात नळी उभी धरत आणि उजवा तळवा तिच्या खाली, देवळात तीर्थ घ्यायला धरतात तसा, किंचित खोलगट. वरून लाकडाची गोळी कुणालातरी सोडायला लावत. टप्प. सोडली म्हणेपर्यंत तळव्यात. मग म्हणत, "आता दुसरी." दुसरी सोडली की काहीच होत नसे. सर तळव्याकडे बघत उभे. समोरचा सरांकडे बघत उभा. मग तो वरून नळीत डोकावे आणि त्याचं तोंड उघडं पडे. आत तो चुंबक कशालाही न टेकता, नळीच्या मधोमध, निवांत उतरत असे. गौरी घरात आणताना बायका पावलापावलाने आणतात ना, तसा. शेवटी तो अलगद तळव्यात येई, सर मूठ मिटत आणि वर बघून विचारत, "धरनारा कोन?"

वर्गात सर शुद्ध मराठी बोलत. हा एक प्रश्न मात्र ते कायम आपल्या खाडीकडच्या बोलीत विचारत, जणू पुस्तकी भाषेत विचारला तर त्याची हवा जाईल.

आणि एक पैज होती. जो उत्तर देईल त्याची नळी. पण अट अशी की नुसतं नाव सांगायचं नाही. अकरावी-बारावीला गेलेली पोरं परत येऊन मोठ्या ऐटीत 'भोवरा-प्रवाह' म्हणायची. सर म्हणत, "नाव सांगितलंस. आता माणूस सांग." हल्ली तर कुणीही तिथल्या तिथे मोबाइल काढून उत्तर वाचून दाखवतो. त्यावर सर नळी खोळीत घालून म्हणत, "मोबाइलला कळलं. बरं झालं. तुला काय कळलं?" स्वतः त्यांनी उत्तर कुणालाही सांगितलं नाही. नवे नवे शिक्षक झाले तेव्हा त्यांनी एकदा वर्गात पहिल्याच मिनिटाला सगळं सांगून टाकलं होतं म्हणे. "पोरांचे चेहरे असे मिटले, दुकानाचं शटर पडावं तसे. तवापासून कानाला खडा."

सर रोह्याच्या आमच्याच शाळेत विज्ञान शिकवत. मी तिथे रुजू झालो त्या दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "तुमच्या आधीचे मराठी बरे होते." सर प्रत्येक शिक्षकाला त्याच्या विषयानेच हाक मारत. गणित, इतिहास, भूगोल, आणि मी मराठी. पुढचे कित्येक महिने माझं काहीही त्यांना पटलं नाही. माझं फळ्यावरचं अक्षर तिरकं, माझा आवाज त्यांच्या प्रयोगशाळेपर्यंत येतो, माझ्या नाटकातला राजा फार बोलतो. आम्ही दोघंही पेणचे, रोज एकाच गाडीने रोह्याला जाणारे. तरी गाडीतसुद्धा ते माझ्यापासून एक बाक सोडून बसत.

पुढे मला पेणच्याच एका शाळेत बदली मिळण्याची संधी आली. घरापासून चालत जाण्याइतकी जवळ. सरांना हे कळलं मात्र, ते माझ्या बाकावर येऊन बसले. त्या शाळेत पंखे नीट नाहीत. तिथली पोरं ऱ्हस्व-दीर्घात अगदीच कच्ची आहेत. तिथल्या स्टेजला विंग नाही, तुमची नाटकं कशी होणार? रोज एक नवीन अडचण. कासू स्टेशन गेलं की सुरू, ते रोहा येईपर्यंत. शेवटी मी बदली घेतलीच नाही. त्यांच्यामुळे नव्हे, असं मी घरी सांगतो.

मुख्याध्यापिका म्हणून एक बाई आल्या, तेव्हाही असंच. त्यांनी शिक्षकांच्या खोलीतलं मोठं टेबल खिडकीपासून भिंतीकडे हलवलं. सरांनी वर्षभर ते टेबल रोज थोडं थोडं खिडकीकडे सरकवलं. बाई निवृत्त झाल्या, तेव्हा निरोपाचं भाषण सरांकडे होतं. हे भाषण इतकं लांबलं की पाहुण्यांची गाडी गेली, चहा दोनदा तापवला, आणि सर अजून बाईंच्या पहिल्या वर्षातच होते. बाई माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "हे मला जाऊच देणार नाहीत का हो?"

तर असे सर. आणि त्यांच्या नळीला आम्ही दिलेली उत्तरं. माझं उत्तर तर भर सभेत दिलेलं होतं. मी म्हटलं, यात विज्ञान कसलं, हे सरळ प्रेम आहे. चुंबकाचा तांब्यावर जीव जडला आहे, त्याचा पाय निघत नाही. टाळ्या पडल्या. सर शांतपणे उठले, माझ्या हातात चुंबक दिला आणि नळीला बाहेरून लावायला सांगितला. मी लावला. तो सरळ घसरून खाली पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. "मराठी, तांब्याला चुंबक चिकटतच नाय," सर म्हणाले. "तुमचा नायक नायिकेला ओळखत पन नाय." या वेळी टाळ्या जास्त पडल्या.

एकदा आमची गाडी कासूला मालगाडीसाठी खोळंबली होती. डब्यात रेल्वेचा एक हवालदार चढला आणि त्याची नजर खोळीवर गेली. हे काय आहे? नळी. कसली नळी? सरांना एवढं विचारणं पुरेसं होतं. पाचच मिनिटांत हवालदार एका डोळ्याने नळीत बघत होता आणि त्याची टोपी माझ्या मांडीवर होती. डब्यातल्या मिठागरावरच्या दोन बायका, कोथिंबिरीची पाटी घेतलेली एक म्हातारी, सगळ्या आळीपाळीने बघून गेल्या. म्हातारीने निकाल दिला, "आत भूत हाय, पन गरीब हाय." गाडी सुटली तरी हवालदार उतरला नाही. नागोठण्यापर्यंत आला. दुसऱ्या दिवशी तो आम्हाला शोधत आला आणि म्हणाला, साहेब, कळलं, आत हवा दाटते. सरांनी न बोलता त्याच्या हातात लाकडाची गोळी दिली. टप्प. "हवा हिच्या टायमाला रजेवर जाते काय?" हवालदाराने स्वतःच्या कपाळावर हात मारला. पण पुढे कितीतरी दिवस तो भेटला की नवीन उत्तर घेऊनच भेटे, आणि सर प्रत्येक उत्तरासाठी एक नवीन गोळी तयार ठेवत. काचेची, पितळेची, मेणाची. चुंबक सोडून सगळ्याच टप्पकन पडत.

सरांच्या घरी, पेणला, पहिल्यांदा गेलो तेव्हा दारातच प्रश्न आला, "आता ह्या वेळेला कुठे?" संध्याकाळचे सहा वाजले होते आणि बोलावणं त्यांचंच होतं. आत वहिनी हसून म्हणाल्या, मनावर घेऊ नका. मग गप्पा झाल्या, जेवणं झाली, निघायला उठलो तर माझ्या चपला गायब. अर्ध्या तासाने त्या मागच्या पडवीत सुक्या नारळांच्या ढिगाखाली सापडल्या. सर म्हणाले, मांजराने नेल्या असतील. त्या घरात मांजर नव्हतं.

वहिनींनी तेव्हाच मला सांगितलं की लग्नाच्या वेळीही यांचा नकारच होता. मला बघायला आले आणि माझ्या वडिलांना म्हणाले, इतक्यात लग्न करायचं नाही. त्यांच्या नकारातच मुहूर्त ठरला, त्यांच्या नकारातच हळद लागली. आणि आता मी दोन दिवस माहेरी जायचं म्हटलं की यांचा गुडघा दुखायला लागतो. माहेर कुठे? नागोठण्याला. इथून काय लांब आहे?

सर हे ऐकत नारळ सोलत बसले होते. म्हणाले, "आमच्या घराण्यातच हाय ते." त्यांचे वडील खारीतल्या बांधावर उघाडी सांभाळायचे. उघाडी म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडायचं दार. त्याची गंमत अशी की भरतीचं पाणी आत यायला लागलं की पाण्याच्याच रेट्याने ते दार मिटतं. जेवढा जोर लावून पाणी येतं, तेवढं दार घट्ट बसतं. "आमचा बापूस तसाच. कोन जोर लावून सांगायला आला की दार बंद. गपचूप आला की उघडं."

आता प्राची. सरांची एकुलती एक मुलगी. घरातच नळी असल्यामुळे तिला हा प्रश्न बोलायला लागली तेव्हापासून ऐकावा लागला. लहानपणी तिचं उत्तर होतं, आत मुंग्या आहेत, त्या धरतात. शाळेत गेल्यावर म्हणाली, चुंबकाला अंधाराची भीती वाटते. आठवीत हवा, दहावीत घर्षण. सर प्रत्येक वेळी तोंडभर हसत आणि नळी खुंटीला टांगत. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ती धावत घरी आली आणि तिने नाव सांगितलं, सूत्रासकट. सर म्हणाले, "नाव झालं. माणूस सांग गो." त्या दिवसापासून तिने उत्तर द्यायचं सोडलं. नळीकडे बघायचंही सोडलं. वहिनी म्हणायच्या, पोरीने हात जोडून विचारलं असतं तरी यांनी सांगितलं नसतं.

पुढे ती धाटावच्या एका कंपनीत लागली, यंत्रांच्या देखभालीच्या खात्यात. सकाळची शिफ्ट असली की आमच्याच गाडीत असे. तिथे नाव काढलं आणि मग एक दिवस तिला बडोद्याच्या एका मोठ्या कारखान्यातून बोलावणं आलं. तिने घरी सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बडोद्याचं पाणी खारं असतं म्हणे."

खाडीच्या काठी, खाऱ्या पाण्यावर वाढलेला माणूस हे बोलला, हे लक्षात घ्या.

मग रोज एकेक. तिकडे थंडी फार. तिकडे भाजीत साखर. तिकडे ओला मासा कुठे मिळणार? 'जाऊ नको' हे शब्द एकदाही आले नाहीत. 'जा' हेही नाही. रुजू व्हायची तारीख जवळ आली. एका सकाळी गाडीत प्राची माझ्याशेजारी येऊन बसली. सर त्या दिवशी रजेवर होते, गुडघा दुखत होता. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "काका, बाबांनी एकदा सरळ सांगावं. जाऊ नको म्हणाले तर मी नाही जाणार, खरंच. जा म्हणाले तर आनंदाने जाईन. पण ते मला असं मधेच लटकवून ठेवतात. आयुष्यभर त्यांनी मला एका गोष्टीचं सरळ उत्तर दिलेलं नाही." मी नाटकं बसवणारा माणूस, मला प्रसंगाला साजेसं वाक्य सुचायला हवं होतं. मी तिला माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चिक्की दिली.

त्यानंतरच्या रविवारी मी सरांकडे गेलो होतो. "आता ह्या वेळेला कुठे?" झालं, चहा आला, आम्ही अंगणात बसलो. तेवढ्यात प्राची आतून खोळ घेऊन आली आणि तिने नळी काढून सरांसमोर धरली. नळीला वरपासून खालपर्यंत एक उभी चीर होती. सरळ, बारीक, सफाईदार. आदल्या दिवशी तिने ती कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेऊन कापून आणली होती.

"मी जाणार, की नाही जाणार, ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण आत कोण धरतंय ते एकदा बघायचंच होतं. म्हणून खिडकी पाडली. एवढंच."

सर नळीकडे बघत राहिले. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या, त्यांच्या हाताला पीठ होतं. प्राचीने स्वतःच डबीतून चुंबक काढला, नळी धरली, खाली तळवा धरला, अगदी सरांसारखा, आणि सोडला.

पडला. लाकडाइतका टप्पकन नाही, किंचित कचरला, पण पडलाच. तिने पुन्हा सोडला. पुन्हा तेच. खिडकीतून आत बघायला वेळच मिळाला नाही, कारण बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. प्राचीचा चेहरा उतरला. सर उठले आणि घरात गेले, त्यांच्यामागे वहिनीही.

अंगणात आम्ही दोघं. मी चहाचा कप हातात धरून, पिऊ की नको, अशा अवस्थेत. प्राची पायरीवर बसली आणि नळीवरून नुसतं बोट फिरवायला लागली. वरून खाली, खालून वर. मग तिने नळीभोवती बोट गोल फिरवलं. फिरवत फिरवत बोट चिरेपाशी आलं आणि थांबलं. पुन्हा गोल फिरवलं, पुन्हा चिरेपाशी थांबलं. मग ती माझ्याकडे न बघता, स्वतःशी बोलावं तसं म्हणाली, "मी कडं तोडलं."

मी म्हटलं, कसलं कडं?

"विजेचं. चुंबक खाली सरकतो ना काका, तशी तांब्यात वीज फिरायला लागते. नळीभोवती गोल, हातात कडं घालतात तशी. चिरेने तिची वाट तुटली. उरलेल्या भिंतीत जेवढे छोटे भोवरे फिरत असतील तेवढाच कचरतोय." तिचा आवाज चढत चालला होता. "आणि वीज गोल फिरली की ते कडं स्वतःच चुंबक होतं. म्हणजे आपल्या चुंबकाच्या खाली एक कडं, वर एक कडं. खालचं ह्याला ढकलतं. वरचं ह्याला ओढतं. खालचं म्हणतं येऊ नको, आणि वरचं म्हणतं..."

"जाऊ नको," सर म्हणाले. ते कधी दारात येऊन उभे राहिले ते आम्हाला कळलं नव्हतं.

त्यांच्यामागून वहिनी हातावरचं पीठ झटकत म्हणाल्या, "म्हणजे तुझा बापूस."

मी जो हसलो, तो चहा सांडूनच थांबलो. वहिनी हसल्या, प्राची हसली आणि हसता हसता तिने डोळे पुसले. माझ्या डोळ्यांसमोर मात्र सगळं भराभर येत होतं. ते खिडकीकडे सरकणारं टेबल, निरोपाचं न संपणारं भाषण, नारळांखालच्या चपला, एक बाक सोडून बसलेले सर आणि त्याच बाकावर मला धरून बसलेले सर. इतकी वर्षं नळी हातात घेऊन हा माणूस आम्हाला विचारत होता, धरणारा कोण, आणि आम्ही सगळे नळीच्या आत बघत होतो.

सर मात्र हसले नाहीत. ते पायरीवर प्राचीच्या शेजारी बसले. तिने विचारलं, "बाबा, मग नळी त्याला थांबवत का नाही? एवढं येऊ नको, जाऊ नको म्हणते, तर पकडून का ठेवत नाही?"

मी हातातला कप खाली ठेवला आणि कान टवकारले. कारण सर या नळीबद्दल उत्तर देत नसत, हे मी सांगितलंच आहे.

"त्यो थांबला की कडं इरून जातं," सर म्हणाले. "त्यो हलतोय म्हनून तर वीज हाय. जास्ती घाई केली तर जास्ती धरतं, सावकाश गेला तर कमी धरतं. पन थांबला की धरायला काय उरत नाय. म्हनून धरून ठेवनं तिला जमतच नाय गो. तिला एकच येतं. हळू सोडायचं."

मग सरांनी तिच्या हातातून नळी घेतली, चिरेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "कदी निघायचंय?"

नळी तिची झाली. पैज ती पैज. प्राचीने वर्कशॉपमध्ये नेऊन ती चीर ब्रेझिंग करून, म्हणजे वितळलेलं पितळ भरून, जोडून आणली. नळीच्या अंगावर आता एक पिवळट रेघ आहे, आणि चुंबक पुन्हा गौरीच्या पावलांनी उतरतो. निघायच्या दिवशी तिने नळी कपड्यांत गुंडाळून बॅगेत ठेवली आणि डबीसाठी हात पुढे केला. सरांनी डबीतली लाकडाची गोळी काढून तिच्या हातावर ठेवली आणि डबी परत खिशात टाकली. "नळीची पैज होती. चुंबकाची कवा झाली?"

प्राचीने माझ्याकडे न्याय मागितला. मी मराठीचा माणूस, शब्दांना बांधलेला. पैज नळीचीच होती, मी साक्षीदार. तेव्हा नळी बडोद्याला गेली आणि चुंबक पेणला राहिला, आणि दोघांनाही एकमेकांविना काही करता येईना.

घर लावून द्यायला म्हणून वहिनी तिच्याबरोबर गेल्या. सर गेले नाहीत. पाणी खारं होतं, गुडघा होता, गणपतीच्या कारखान्यातल्या मित्राला मूर्ती रंगवताना कुणीतरी जवळ बसायला हवं होतं. वहिनी चार दिवसांसाठी गेल्या होत्या, त्या तिकडेच रमल्या. शेवटी शाळेला मेची सुट्टी लागली, तेव्हा सरांनी जाहीर केलं की दोन दिवस जातो, हिला घेतो आणि आलोच. पनवेलहून बडोद्याची गाडी धरायची, म्हणून पेणहून आमच्या नेहमीच्या गाडीने निघायचं ठरलं, फक्त नेहमीच्या उलट्या दिशेने. मी स्टेशनवर पोचवायला गेलो.

सर फलाटावरच्या लोखंडी बाकावर बसले होते. शेजारी पिशवी, पिशवीत नारळीपाकाच्या लाडवांचा डबा आणि वालाचं बिरडं. गाडी आली. सर उठायला गेले आणि उठलेच नाहीत. पुन्हा उठायला गेले. शर्टाचा खिसा बाकाच्या दांड्याला असा चिकटला होता की शिवण उसवायची वेळ आली. खिशात डबी होती आणि डबीत कोण होतं, ते तुम्हाला माहीत आहे. मी त्यांचे दोन्ही खांदे धरले, त्यांनी डबी धरली, एका पोर्टरने बाक धरला, आणि सगळे मिळून ओढता ओढता एकदाची ताटातूट झाली.

"ह्ये लोखंड," सर धापा टाकत म्हणाले. "धरलं की धरलं. काय अक्कल नाय."

ते डब्यात चढले आणि दारातच उभे राहिले. गाडी हलली. माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "सर, तिकडचं पाणी खारं असतं म्हणे." त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. मी हात हलवला. त्यांनी हलवला नाही. गाडी हळूहळू फलाट सोडत होती आणि दारातून त्यांचा उजवा हात बाहेर आलेला दिसत होता. तळवा वर, किंचित खोलगट, कुणीतरी वरून काहीतरी सोडलं आहे आणि ते यायचं आहे, अशा बेताने धरलेला.